एका तोंडाची मोरी

ही गोष्ट १८६९ सालची. त्या वर्षी फेब्रुवारी अर्धा सरला तरी प्रॉमॉन्टरीच्या डोंगरावरची जमीन लोखंडासारखी होती. खाली खारं सरोवर तेवढं न गोठता, शिशाच्या रंगाचं, दूरवर पसरलेलं असायचं. मी सोळा वर्षांची होते आणि बावीस माणसांचा स्वयंपाक करत होते.

त्या हिवाळ्यात डोंगराच्या पूर्वेच्या उतारावर रेल्वेचे दोन रस्ते तयार होत होते. एक पश्चिमेकडून येणाऱ्या कंपनीचा, दुसरा पूर्वेकडून येणाऱ्या कंपनीचा. दोघींनी कुठे भेटायचं ते सरकारने ठरवलंच नव्हतं. त्यामुळे दोघींची मातीकामाची माणसं एकमेकांना ओलांडून पुढे निघून गेली होती, आणि आता एकाच उतारावर पन्नास पावलांच्या अंतराने दोन्ही रस्ते शेजारी शेजारी चढत होते. रूळ त्यांतल्या एकावरच पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कुठल्या, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी रोज सकाळी प्रार्थना झाली की दोन्हीकडची माणसं टिकाव उचलायची. दोन्हीकडे आमच्याच मॉर्मन पंथाचे लोक, एकाच गावचे, रविवारी एकाच चर्चमध्ये बसणारे. टोळांनी दोन वर्षं गहू खाल्ला होता. काम हवंच होतं. ज्याला ज्या कंपनीचं मिळालं ते त्याने घेतलं.

आमचे बाबा, येप्पे लॉरिट्सेन, पश्चिमेच्या कंपनीसाठी भराव घालत होते. इकडे येण्याआधी डेन्मार्कात आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या समुद्राला बांध घातलेले. इतर लोक मातीची गाडी वरून उपडी करायचे आणि मोकळे व्हायचे. बाबा वीतभर माती पसरायचे, तिच्यावरून बैल फिरवायचे, मग पुढची वीत. आणि दर दोन दिवसांनी छावणीतल्या गाईचं दूध एका कटोऱ्यात घेऊन तो कटोरा भरावावर ठेवायचे आणि दहा पावलांवरून भरलेली गाडी न्यायला लावायचे. दुधावर वळी उठली तर तो थर पुन्हा तुडवायचा.

आमचा गाडीवान क्रेस्टेनकाका बाबांच्याच गावचा. त्याला हे बघवत नसे.

"येप्पे, इथे रूळ टाकायचेत की लोणी काढायचंय?"

"दूध हललं. बैल फिरव पुन्हा."

"बैल म्हणतात, एक फेरी तूच मारून ये."

बाबा हसायचे नाहीत. मोठ्या गंभीरपणे सांगायचे, "या भरावावरून गाडी जाईल ना, तेव्हा आत बसलेल्या बाईच्या मांडीवरचं पोरसुद्धा जागं होणार नाही." हे वाक्य आम्ही त्या हिवाळ्यात शंभरदा तरी ऐकलं असेल. डेन्मार्कातल्या बांधांवर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. हा भराव त्यांचा स्वतःचा होता. त्यावरून गाडी जाताना बघायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

पन्नास पावलांवर, पूर्वेच्या कंपनीसाठी, हॉपकिन प्रॉसर खडकातून खिंड कोरत होता. हॉपकिन वेल्सचा, पाथरवट. त्याच्यासारखा दगड बसवणारा आमच्या भागात दुसरा नव्हता, हे बाबाही कबूल करत. फक्त त्याच्या तोंडावर नाही, कारण दोघांचं बोलणंच नव्हतं. गावात पाटाचं पाणी पाळीने मिळायचं. चार उन्हाळ्यांपूर्वी बाबांच्या पाळीतलं अर्धा तास पाणी हॉपकिनच्या बटाट्यांत गेलं. हॉपकिन म्हणाला, पाटाची फळी आपोआप सरकली. बाबा भर सभेत म्हणाले, "फळीला पाय नसतात." तेव्हापासून अबोला. छावणीत मात्र काम अडायचं, म्हणून दोघं माझ्यामार्फत बोलायचे.

"बोडिल, ब्रदर प्रॉसरना सांग, तुमच्या सुरुंगाचे दगड आमच्या बैलांच्या पाठीवर येतायत."

हॉपकिन तिथेच, हाताने शिवता येईल इतक्या जवळ उभा.

"बोडिल, तुझ्या वडलांना सांग, बैल पलीकडे बांधा. दगडाला डोळे नसतात."

"त्यांना सांग, दगडाला नसतात, फोडणाऱ्याला असावेत."

"बोडिल," क्रेस्टेनकाका म्हणाला, "दोघांनाही सांग, तुझा पाव करपतोय."

हॉपकिनची बायको मार्गेड त्याच्याबरोबर छावणीत आली होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच दिवस गेले होते. गावी जाऊन बाळंत हो, असं सगळ्यांनी सांगितलं, पण आधी बर्फ, मग चिखल, मग पुन्हा बर्फ. गावची वाट दोन दिवसांची, तीही बंद झाली. फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी तंबूतच तिला मुलगी झाली. पहिला गुरुवार आमचा उपासाचा. त्या दिवशी न खाल्लेलं जेवण ज्याला गरज असेल त्याच्याकडे जातं. बाबांनी आपला वाटा, वर दुधाचं भांडं आणि वाळवलेले पीच माझ्या हातात दिले.

"कुणी दिलं विचारलं तर काय सांगू?"

"गाईने दिलं म्हण."

मुलीचं नाव टेग्वेन ठेवलं. आठव्या दिवशी तिला आशीर्वाद दिला, तेव्हा बाबा आत गेले नाहीत, पण तंबूबाहेर हॅट हातात धरून शेवटपर्यंत उभे होते. अकराव्या सकाळी टेग्वेन गेली. कशाने, ते कळलं नाही. त्या काळी बहुतेक वेळा कळत नसे.

हॉपकिनने डोंगरावर एक जागा निवडली आणि टिकाव चालवला. दोन तासांत हातभरही खड्डा झाला नाही. वर गोठलेली माती, खाली खडक. सुरुंगाची दारू वापर, असं कुणीतरी म्हणालं. त्याने त्या माणसाकडे असं पाहिलं की तो निघूनच गेला.

दुपारी मार्गेड शाल गुंडाळून, एकटीच, आमच्या भरावाशी आली. बाळंतपणाला दोन आठवडेही झाले नव्हते. मी तिला हात द्यायला पुढे झाले, पण ती सरळ बाबांपुढे जाऊन उभी राहिली.

"ब्रदर लॉरिट्सेन, तुमच्या भरावाची माती मऊ आहे."

बाबांनी हॅट काढली. "आहे, सिस्टर."

"मला थोडी जागा द्याल? फार नको. एवढीच." तिने दोन्ही हात पुढे धरून लांबी दाखवली. पाव भाजायला ठेवताना दाखवतात तशी.

"हवी तेवढी घ्या."

"पण इथून गाडी जाणार."

बाबांनी हॉपकिनच्या खिंडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "इथून नाही जाणार. पूर्वेची कंपनी पुढे आहे. रूळ तुमच्या यजमानांच्या खिंडीतून जातील. इथे मेंढ्या चरतील."

माझ्या हातातली बादली सुटता सुटता राहिली. आदल्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला मांडीवरच्या पोराचं वाक्य ऐकवलं होतं.

भराव तेव्हा अर्ध्या उंचीचा होता. त्याच्या पूर्वेच्या कडेला बाबांनी स्वतः जागा केली आणि हॉपकिनने पेटी खाली ठेवली, पाय पूर्वेला करून. शेवटच्या सकाळी उठताना समोर सूर्य यावा म्हणून आमच्यात असंच निजवतात. दोघं समोरासमोर गुडघ्यावर होते. एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत.

त्यानंतर बाबांनी ते वाक्य म्हटलं नाही. कटोरा ठेवायचे, दूध बघायचे आणि उचलायचे. क्रेस्टेनकाकाने एकदा टोचलं, "काय रे, तुझं पोर जागं झालं वाटतं?" आणि मग स्वतःच जीभ चावली.

मार्चमध्ये मुकादम घोडा दौडवत आला. म्हणे राजधानीत आमच्या कंपनीचा नकाशा मंजूर झाला. भराव आणखी दीड पुरुष उंच करा, पूर्वेच्या अंगाला रुंद करा, महिन्याभरात रूळ येतील. माणसांनी हॅटा उडवल्या. क्रेस्टेनकाका बैलाच्या गळ्यात पडला. बाबा एकटेच पाण्याच्या पिंपापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

मार्गेडला ते कळायला तास लागला नाही.

"ब्रदर लॉरिट्सेन, तुम्ही म्हणाला होतात मेंढ्या चरतील."

"खोटं बोललो, सिस्टर."

"तेव्हाच ठाऊक होतं?"

"गाडी इथूनच जाणार, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं."

"मग का म्हणालात तसं?"

"तुम्ही हात तसेच पुढे धरून उभ्या होतात," ते म्हणाले. "मला दुसरं काही सुचलं नाही."

मार्गेड रागावली नाही. ती भरावाच्या कडेला बसली. बाबा म्हणाले, जमीन आता सैल होतेय, मी स्वतः डोंगरावर जागा खणतो, आपण तिला अलगद नेऊ.

"नको," ती म्हणाली. "एकदा निजवलेलं लेकरू मी उठवणार नाही. पण तिच्या अंगावरून गाडी जायला नको. काय करायचं ते तुम्ही बघा. जागा तुम्ही दिलीत."

त्या संध्याकाळी हॉपकिन आमच्या चुलीपाशी आला. मी पाव थापत होते. तो माझ्याशीच बोलला.

"बोडिल, तुझ्या वडलांना विचार, दगडी कमान किती भार पेलते ते त्यांना ठाऊक आहे का?"

"सांग त्यांना, मी मातीतला माणूस. दगडातलं मला काय कळतं."

"सांग, नीट बसवली तर डोंगर पेलते. भार कडांवर जातो. आत असेल त्याला काही लागत नाही."

बाबांनी चुलीत एक लाकूड सरकवलं. पाणी जायला भरावाखालून दगडी मोऱ्या बांधाव्याच लागत; आमच्या टप्प्यात दोन होत्या.

"मोरी म्हणून बांधता येईल," ते म्हणाले.

"मोरीला दोन तोंडं लागतात."

"एकच ठेवू. पूर्वेचं."

"कंपनीचा इंजिनिअर विचारेल."

"विचारू दे."

मी पिठाचे हात तसेच धरून कुणाला काय सांगायचं म्हणून दोघांकडे बघत होते. मला कुणी काही सांगायला सांगितलंच नव्हतं.

मोरी चार दिवसांच्या दुपारच्या सुटीत बांधली. दगड हॉपकिनच्या खिंडीतले, म्हणजे पूर्वेच्या कंपनीचे. ते आमच्या गाडीतून पश्चिमेच्या कंपनीच्या भरावात आले. दोन्हीकडच्या माणसांनी आपापली विश्रांती सोडली आणि कुणी एकाही मुकादमाला कळू दिलं नाही. चुना नव्हता. हॉपकिन एकेक दगड हातात फिरवायचा, गालाशी धरून त्याची कड बघायचा, मग बसवायचा. मधला शेवटचा दगड बसला तेव्हा त्याने त्यावर उभं राहून दोन उड्या मारल्या. मग बाबांनी कमानीवर ओली चिकणमाती घातली. त्या थरावर त्यांनी बैल नेले नाहीत. बूट काढून, मोज्यांनिशी, स्वतः तुडवला.

क्रेस्टेनकाका म्हणाला, "मी सांगत होतो ना, एक फेरी तूच मारून ये म्हणून." पण हळू आवाजात.

पाहणीला कंपनीचे इंजिनिअर थेयरसाहेब आले. उंच, काटकुळे, सदा सर्दी झालेले गृहस्थ. वहीत बघत चालता चालता थांबले.

"इथे मोरी? नकाशात नाही."

"नाही, साहेब," बाबा म्हणाले.

"वर ओढा नाही. साधी ओघळसुद्धा नाही."

"येईल कधीतरी पाणी."

साहेब भराव ओलांडून पलीकडे गेले आणि परत आले. "दुसरं तोंड कुठे आहे?"

हॉपकिन आपल्या खिंडीतून बघत होता. घण खांद्यावर घेतलेला, खाली ठेवायचं भान नव्हतं. क्रेस्टेनकाका पुढे सरसावला, "साहेब, आमच्या डेन्मार्कात अशीच पद्धत..."

"तुम्ही गप्प बसा."

साहेब गुडघ्यावर बसले आणि वाकून आत पाहिलं. मार्गेडने आत पांढरे खडे लावले होते. त्यांच्या ओळीची लांबी तिने हातांनी दाखवली होती तेवढीच. साहेब बराच वेळ वाकलेलेच होते. मग उठले, गुडघे झटकले, नाक पुसलं आणि वहीत लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "मोरी, दगडी, एक." दोन पावलं पुढे गेल्यावर मागे न बघता म्हणाले, "तोंडात माती येऊ देऊ नका."

पुढच्या तीन आठवड्यांत भराव पुरा झाला. गाड्या जड होत गेल्या, पण दूध हललं नाही. मार्गेडच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. बाबाही पुन्हा खिंडीकडे बघून मिशीत हसायला लागले. आता गाडी खुशाल जाऊ दे, कमान पेलेल. मांडीवरच्या पोराचं वाक्य मात्र त्यांनी तरीही उच्चारलं नाही.

आणि एप्रिलच्या मध्यावर निरोप आला. दोन्ही कंपन्यांनी माथ्यावर भेटायचं ठरलं. माथ्याच्या पश्चिमेला पश्चिमेच्या कंपनीचे रूळ, पूर्वेला पूर्वेच्या. आमचा भराव पूर्वेच्या उतारावर होता. म्हणजे त्यावर काहीच येणार नव्हतं.

क्रेस्टेनकाकाने फावडं दरीत भिरकावलं, आणि मग दुसरं नाही म्हणून तेच शोधायला खाली उतरला. बाकीचे तंबू आवरायला लागले. बाबा भरावाच्या अगदी वर, जिथे रूळ यायचे होते तिथे, पाय लांब करून बसले होते. मार्गेड मनुका घालून तव्यावर भाजलेल्या चपट्या पोळ्या फडक्यात घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"सिस्टर," ते म्हणाले, "मी खोटं बोललो नव्हतो म्हणायचं. मेंढ्याच चरणार."

ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली, पण हसूही थांबलं नाही. बाबांनी एक पोळी मोडून अर्धी तिला दिली.

गावी परतायला हरकत नव्हती, पण बाबा म्हणाले, पहिलं इंजिन बघून जाऊ. रूळ आले, मे महिन्याच्या सुरुवातीला. ज्या दिवशी पहिलं इंजिन हॉपकिनच्या खिंडीतून वर चढलं, त्या दिवशी बाबांनी मला कटोरा आणायला सांगितला. काठोकाठ दूध भरून तो त्यांनी आपल्या भरावावर ठेवला. हॉपकिन आपली खिंड सोडून मार्गेडबरोबर आमच्याकडे उभा होता. इंजिन धापा टाकत आलं, खडकाच्या दोन्ही भिंतींतून आवाज घुमला, पायांखाली थरथर जाणवली. बाबा कटोऱ्यावर वाकले होते, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. धूर होता तसा.

"हललं का?" त्यांनी विचारलं.

हॉपकिन गुडघ्यावर बसला आणि नीट पाहिलं. "नाही, ब्रदर. जरासुद्धा नाही."

मी दुसऱ्या बाजूला उभी होते. काठापासून मधोमध एक बारीक वळी सरकत गेली होती. मी काही बोलले नाही. मग आम्ही ते दूध चौघांत वाटून प्यायलो.

क्रेस्टेनकाका पुढच्याच वर्षी गेला. त्याचे बैल बाबांनी घेतले आणि म्हातारे होऊन मरेपर्यंत सांभाळले. हॉपकिनने गावचं दगडी चर्च बांधलं, ते अजून आहे. पाटावरची फळीही त्याने दगडाची केली आणि बाबांना ती आधी दाखवून घेतली. मार्गेडला पुढे तीन मुलगे झाले. दर वर्षी मेमध्ये ती गाडीने प्रॉमॉन्टरीला जायची आणि सोबतीला मला न्यायची. थेयरसाहेब नेवाडात गेले, असं ऐकलं. एकदा जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून भरावाकडे बघून हॅट काढताना तिने त्यांना पाहिलं, असं मार्गेड म्हणायची. मला खात्री नाही. उंच, काटकुळी माणसं पुष्कळ असतात. बाबा एक्क्याण्णव साली गेले. पेटी हॉपकिनने खांद्यावर घेतली, आणि दोन वर्षांनी तोही त्यांच्याशेजारी गेला. मार्गेड ब्याऐंशी वर्षांची होऊन गेली.

मी ब्रिगहॅम सिटीतल्या एका पीचच्या बागवाल्याशी लग्न केलं. सात मुलं झाली, पाच राहिली. आता मला पंच्याऐंशी पूर्ण झाली आहेत. कंपनीने सरोवरावरून सरळ पूल टाकला त्यालाही चौतीस वर्षं होतील. तेव्हापासून हॉपकिनच्या खिंडीतूनही आठवड्याला एखादी गाडी जाते, ती रिकामीच.

गेल्या उन्हाळ्यात नातवाने मोटारीतून मला तिकडे नेलं. भराव कुठेही खचलेला नाही. वर खरंच मेंढ्या होत्या. वाऱ्याने गडगडत आलेली दोन काटेरी झुडपं मोरीच्या तोंडाशी अडकली होती, ती मी काठीने ओढून काढली. आत माती आलेली नाही. पांढरे खडे जागच्या जागी आहेत.